शेजारच्या सीटचा ब्रेक

मास्तरांच्या शिकवणीत 'मारणे' या शब्दाला बंदी होती.

माणसं गाडीबद्दल बोलू लागली की मारामारीच सुरू होते. ब्रेक मारला, हॉर्न मारला, गिअर मारला, कट मारला, एक चक्कर मारून आलो. नवा विद्यार्थी आला की मास्तर पहिल्याच दिवशी सांगत, "हे बघा, इथे काही मारायचं नाही. ब्रेक लावायचा, हॉर्न द्यायचा, गिअर टाकायचा. आणि चक्कर आपल्याला येते, आपण ती मारत नाही." हे शेवटचं वाक्य ते इतकी वर्षं बोलत आले होते, तरी दर वेळी त्यांना स्वतःलाच थोडं हसू येई.

शिकवणीची गाडी लहान, पांढरी, चारी कोपऱ्यांवर खरचटलेली. शिकणारा चालकाच्या जागी बसे, मास्तर त्याच्या शेजारी. मास्तरांपुढे स्टिअरिंग नाही, हॉर्न नाही. पायाशी फक्त एक जादा ब्रेक, लोखंडी दांडीने चालकाच्या ब्रेकला जोडलेला. शिकणाऱ्याने घाबरून ऐनवेळी भलतंच पेडल दाबलं तर मास्तरांनी हा दाबायचा. एवढीच त्यांची सत्ता. तीही ते इतक्या अलगद वापरत, की शिकणाऱ्याला वाटे आपणच थांबलो. पोस्टात काम करणारी एक बाई परीक्षा पास झाल्यावर भेटायला आली आणि म्हणाली, "मास्तर, बाकी सगळं शिकावं लागलं, पण थांबणं मात्र मला पहिल्यापासून जमायचं, नाही?"

"हो तर," मास्तर म्हणाले. "उपजतच होतं ते तुमच्यात."

क्लच कसा सोडायचा हे ते असं सांगत: "झोपलेल्या बाळाच्या डोक्याखालून हात काढता ना, तसा." ज्यांना मुलं होती त्यांना ते लगेच कळे. ज्यांना नव्हती ती जरा वेळ घेत, पण त्यांनाही कळे. एकदा, नवरा गेल्यावर त्याची दारात उभी असलेली गाडी बघवत नाही म्हणून शिकायला आलेल्या एक आजी भर चौकात गाडी बंद पडल्यावर रडू लागल्या. मागे हॉर्नचा कल्लोळ. मास्तर सीटला पाठ टेकून म्हणाले, "वाजवू द्या. घाई त्यांना आहे, आपल्याला कुठे आहे? तुम्ही आधी डोळे पुसा. मग किल्ली फिरवा."

लोक म्हणत, मास्तर म्हणजे निव्वळ गाय.

ही गाय संध्याकाळी घरच्या गाडीत बसली की तिला शिंगं फुटत.

घरची गाडी राखाडी होती, जुनी. तिच्यात मास्तर स्वतः स्टिअरिंगवर बसत आणि पहिल्याच वळणावर त्यांची मान ताठ होई. कुणी पुढे घुसला की त्यांना वाटे, तो गाडीपुढे घुसला नाही, आपल्या आयुष्यात घुसला. "लायसन्स कुणी दिलं रे तुला?" ते काच खाली करून ओरडत. दिवसभर दुसऱ्यांच्या हातात जीव देऊन बसायचं, दुसऱ्यांच्या चुका गिळायच्या आणि आवाज चढू द्यायचा नाही. गिळलेलं कुठे जातं? पोटात घर करून राहतं, आणि आपल्या हातात चाक आलं की उठून बसतं. मास्तरांनी यावर फार विचार केला नव्हता. त्यांना वाटे, रस्त्यावर सगळेच असे असतात.

शेजारी बायको असे. तिचं त्या गाडीतलं काम एकच, "अहो, जाऊ द्या ना" म्हणायचं. ते ती इतकं म्हणत आली होती की मास्तरांना ते इंजिनाच्या आवाजासारखं ऐकू येईनासं झालं होतं.

ती कपडे दुरुस्त करायची. समोरच्या खोलीत खिडकीपाशी तिचं मशीन. सैल झालेलं आवळायचं, आवळलेलं उसवून सैल करायचं, झिजलेल्या कॉलरी उलटवायच्या. "माणसं जाडबारीक होतात, कपड्यांचा काय दोष?" ती म्हणायची. गल्लीतल्या प्रत्येकाच्या कमरेचा घेर तिला ठाऊक होता आणि तो तिने कधी कुणाला सांगितला नाही. लग्न झालेली मुलगी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. घरात आता दोघंच. दिवसभर ते गाडीत, ती मशीनवर. सुट्टीच्या सकाळी मात्र दोघं राखाडी गाडीतून तलावावर जात. बांधावर बसत, थर्मासमधला चहा पीत, फारसं न बोलता परत येत. त्यांच्या संसारात जर काही निवांत असेल तर ते हे.

अशाच एका सकाळी भाजीचा एक टेम्पो अचानक त्यांच्या बाजूला आला. मास्तरांना चाक वळवावं लागलं. टेम्पो पुढे निघून गेला.

"कट मारला मला!" मास्तर म्हणाले. शिकवणीत बंदी असलेला शब्द. "थांब, ह्याला धडा शिकवतो."

"अहो, जाऊ द्या ना."

त्यांनी जाऊ दिलं नाही. टेम्पोला गाठलं, मागे टाकलं, त्याच्यापुढे येऊन करकचून ब्रेक मारला. टेम्पोवाल्याने वाचवायचा प्रयत्न केला, पण टेम्पोचा कोपरा गाडीच्या मागच्या अंगाला लागलाच. गाडी गर्रकन फिरली आणि दुभाजकावर आदळली. बायकोने दोन्ही हात समोरच्या फळीवर रोवले होते. उजव्या मनगटातून एक बारीक आवाज आला, वाळकी काडी मोडावी तसा. एवढ्या गोंगाटातही मास्तरांना तो ऐकू आला.

टेम्पोवाला म्हातारा होता. फुटपाथवर बसून तो डोकं धरून विचारत होता, "पण माझं चुकलं काय? अहो, चुकलं काय माझं?" त्याने कट मारलाच नव्हता. रस्त्यात एक खड्डा होता, तो चुकवला होता. मास्तरांची गाडी त्याने पाहिलीसुद्धा नव्हती.

दवाखान्यात प्लास्टर घालून झाल्यावर बायकोने एवढंच म्हटलं. ओरडून नाही. मापं घेताना टेप वाचावी तसं.

"धडा त्याला शिकवायचा होता ना? मग मला का शिकवलात?"

हाड जुळलं, पण जरा वाकडं. कातरीच्या डोळ्यात अंगठा जायचा, पण नीट मिटायचा नाही. साधं कापड ती अजून कापू शके. जाड कापड आलं की "हे दुसरीकडे द्या हो" असं म्हणून परत करी. तेवढं म्हणताना ती समोरच्याकडे बघत नसे.

आणि ती गाडीत बसेनाशी झाली. भांडण नाही, रुसवा नाही, अबोला नाही. मास्तरांना ती जेवायला वाढी, त्यांच्या शर्टाची बटणं लावी, त्यांच्या विद्यार्थ्यांचे किस्से ऐकून हसे. फक्त बाहेर जायचं म्हटलं की पिशवी उचलून बसथांब्यावर जाऊन उभी राही. मास्तर म्हणत, "अगं, मी सोडतो ना." ती म्हणे, "बस येईलच आता." बस लवकर येत नसे. ते दाराशी उभे राहून तिची पाठ बघत.

एका सुट्टीच्या सकाळी ते एकटेच तलावावर गेले. तिने थर्मास भरून दिला होता आणि सवयीने दोन पेले ठेवले होते. एक पेला कोरडाच परत आला. तिने तो धुतला नाही, नुसता पुसून फळीवर उपडा ठेवला. मास्तरांनी ते पाहिलं. त्या दिवशी त्यांना कळलं की टेम्पोच्या धडकेत गाडीचं जे मोडलं होतं ते गॅरेजवाल्याने नीट केलं, हाताचं डॉक्टरांनी जमेल तेवढं केलं, पण ती शेजारची सीट कुणाकडे दुरुस्तीला न्यायची हे त्यांना माहीत नव्हतं. आणि ती रिकामी सीट घेऊन उरलेलं आयुष्य काढायची त्यांची तयारी नव्हती.

"मी बदललोय गं," ते एकदा म्हणाले.

"शिकवणीच्या गाडीत ना? तिथे तुम्ही आधीपासूनच चांगले आहात, असं म्हणतात लोक." तिने सुईत दोरा ओवला. डाव्या हाताने, दुसऱ्या प्रयत्नात.

मुलगी घरी आली तेव्हा त्यांनी तिला मध्ये घातलं. "तू तरी सांग ना तुझ्या आईला."

मुलगी आईच्या मशीनवरचा सुटा दोरा गुंडाळू लागली. मग म्हणाली, "बाबा, एक सांगू? लहानपणी मी मागच्या सीटवर झोपून जायचे ना?"

"हो. गाडी सुरू झाली की लगेच."

"झोपायचे नाही मी. डोळे मिटून बसायचे. तुम्हाला वाटायचं झोपले, आणि मग तुम्ही ओरडणं जरा कमी करायचात."

मास्तर उठून अंगणात गेले. राखाडी गाडीच्या टपावर वाळकी पानं पडली होती, ती त्यांनी एकेक करून काढली.

दुसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन गॅरेजमध्ये गेले. गॅरेजवाला उंचीने ताडमाड होता, म्हणून सगळे त्याला बुटका म्हणत. शिकवणीच्या गाडीचा जादा ब्रेक त्यानेच बसवला होता.

"तसाच इथे बसव," मास्तर म्हणाले.

"घरच्या गाडीला? का, वहिनी शिकणार आहेत की काय?"

"ती नाही. मी."

"म्हणजे तुम्ही शिकणार आणि वहिनी मास्तर?"

"तसंच काहीसं."

बुटका गाडीखाली शिरला. थोड्या वेळाने आतून त्याचा आवाज आला. "मास्तर, माझी बायको मला लग्न झाल्यापासून ब्रेक लावतेय. पण दांडी काही लागली नाही हो कधी."

"नशीबवान आहेस."

"ते तुम्ही म्हणता. तिला विचारा." मग तो म्हणाला, "हात कसा आहे वहिनींचा?"

"अंगठा मिटत नाही."

गाडीखालून नुसता पान्याचा आवाज. काम मात्र त्या दिवशी त्याने नेहमीपेक्षा सावकाश केलं.

संध्याकाळी मास्तरांनी बायकोला गाडीपाशी बोलावलं आणि शेजारच्या सीटचं दार उघडून दाखवलं.

"हे काय?"

"ब्रेक. तुझा."

"मला कुठे गाडी येते?"

"चालवायची नाहीच तुला. थांबवायची. मी कितीही जोरात असलो तरी तू हा दाबलास की गाडी थांबणार. माझा भरवसा नाही ना वाटत? नको ठेवूस. ह्याच्यावर ठेव."

"लोखंडावर?"

"माझ्यापेक्षा बरं आहे ते. त्याला राग येत नाही."

ती हसली नाही. वाकून तिने डाव्या हाताने तो ब्रेक दाबून पाहिला, कापडाचा पोत बघावा तसा. मग आत निघून गेली. मास्तरांनी दार लावलं. त्यांना वाटलं, हेही वाया गेलं.

पण दुसऱ्या दिवशी ती स्वतःच बाहेर आली. चपला दाराशी काढलेल्या. "पाय मोकळा हवा ना?" तिने विचारलं.

बंद पडलेल्या गोदामामागे मोठं मैदान होतं. मास्तर तिथे विद्यार्थ्यांना पहिले धडे देत. मैदानापर्यंत ती पुन्हा चपला घालून चालत गेली. गाडी तिच्या मागून, चालण्याच्या वेगाने. मैदानात पोचल्यावर ती आत बसली. पट्टा लावताना तिचा अंगठा अडखळला. मास्तरांनी मदतीला हात पुढे केला आणि मागे घेतला. तिचं तिलाच जमलं.

"मी हळू नेतो. तुला वाटेल तेव्हा दाब."

तिला लगेचच वाटलं. मास्तरांची छाती चाकावर आपटली.

"अगं आई गं! मारू नकोस, लाव. पायाखाली पिकलेलं फळ आहे असं समज. फुटता कामा नये."

"लागलं का?"

"नाही. पुन्हा कर. छान जमतंय."

"कुठे छान? नाक फुटलं असतं तुमचं."

"पहिल्या दिवशी सगळ्यांचं असंच होतं. एकाने तर मला काचेतून बाहेर पाठवायचंच बाकी ठेवलं होतं. घाई नाही आपल्याला. पुन्हा."

ती थांबली. त्यांच्याकडे वळून बघत राहिली.

"काय झालं?"

"हा आवाज," ती म्हणाली. "शिकवताना तुम्ही ह्या आवाजात बोलता? रोज?"

"असेल. का?"

"मी कधी ऐकला नव्हता." तिने समोर बघितलं. "एवढा चांगला माणूस रोज घराबाहेरच संपवून येत होतात तुम्ही."

मास्तरांनी गाडी सुरू केली. तिने ब्रेक दाबला, जरा बऱ्यापैकी. पुढचे कितीतरी दिवस संध्याकाळी दोघं त्या मैदानात गोल गोल फिरत राहिले. तिचा पाय हळूहळू मऊ झाला. मास्तर तिला इतरांना सांगत तेच सांगत, "नजर रस्त्यावर. पुढची गाडी बघ, तिच्या पुढची बघ, बाजूने कोण येतंय ते बघ." ती मान डोलवी.

मग एका सुट्टीच्या सकाळी तिने थर्मास भरला, पिशवी मागच्या सीटवर ठेवली आणि पुढे येऊन बसली. मास्तरांनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित ती उतरली असती.

बाजारापर्यंत सगळं ठीक गेलं. एक स्कूटर आरशाला घासून गेली, मास्तर गप्प. एका माणसाने मागे न बघता दार उघडलं, मास्तर गप्प. चौक जवळ आला. सिग्नल हिरवा, समोर रस्ता मोकळा. तेवढ्यात बाजूच्या गल्लीतून एक लांबलचक गाडी न थांबता आली, त्यांच्या नाकासमोरून वळली आणि निघून गेली. मास्तर एक अक्षर बोलले नाहीत. गाडी तशीच पुढे निघाली. आणि भर चौकाच्या तोंडाशी एकदम जागच्या जागी थांबली.

मागे टायर किंचाळले.

"अगं, समोर काही नव्हतं!"

"समोर नव्हतं," ती म्हणाली. तिचा पाय अजून ब्रेकवर घट्ट होता. "तुमच्या कपाळावर होतं. शीर आली होती वर."

"रस्त्याकडे बघायचं ठरलं होतं ना?"

"रस्ता तुम्ही बघा. मी तुमच्याकडे बघते. इतकी वर्षं तेच करत आलेय, मला दुसरं काही येत नाही."

काचेवर धाडकन पंजा आदळला. मागच्या गाडीतला माणूस उतरून आला होता. तरणाताठा, इस्त्रीचा शर्ट, चेहरा लालबुंद.

"ए काका! मधेच कोण थांबतं? झोपलास काय? ठोकली असती ना मी! लायसन्स कुणी दिलं रे तुला?"

ते वाक्य मास्तरांचं होतं. शब्दन् शब्द त्यांचा. दुसऱ्याच्या तोंडून त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलं, आणि बाहेरून ऐकताना ते किती पोरकट वाटतं हे त्यांना कळलं. तरी राग आलाच. तो पायाच्या तळव्यातून निघाला आणि मानेपर्यंत आला. अर्ध्या गावाला लायसन्स माझ्यामुळे मिळालंय, बेट्या. हात दाराच्या कडीवर गेला. शेजारी बायको श्वास रोखून बसली होती. तिचा ब्रेक आता काही कामाचा नव्हता. गाडी थांबलेलीच होती.

तेव्हा त्यांचं लक्ष आरशात गेलं. त्या माणसाच्या गाडीत पुढच्या सीटवर एक बाई होती, मांडीवर तान्हं बाळ. तिचा एक हात बाळावर होता. दुसरा समोरच्या फळीवर, बोटं फाकलेली, रोवलेला.

मास्तरांनी कडीवरचा हात काढला आणि काच खाली केली.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"चुकलं म्हणजे? एवढ्यावर भागतं होय?"

"नाही भागत. तुम्ही वेळेवर थांबलात म्हणून वाचलो आम्ही."

त्या माणसाला भांडण हवं होतं आणि त्याच्या हाती काहीच लागेना. "म्हातारं झालं की घरी बसावं!" त्याने जाताजाता मास्तरांच्या बाजूचा आरसा फटका मारून दुमडला.

"अहो, मी सांगते त्याला, मीच दाबला म्हणून," बायको पुटपुटली.

"नको. शिकवणीच्या गाडीत चूक कुणाचीही असो, ती मास्तराची."

त्यांनी आरसा सरळ केला आणि गाडी हळूच पुढे घेतली. मागून तो माणूस भरधाव आला, बाजूने पुढे गेला. आता तो काय करणार हे मास्तरांना ठाऊक होतं. आपलंच अक्षर ओळखावं तसं ठाऊक होतं. त्याने अजून काही केलेलं नव्हतं, तेव्हाच त्यांनी वेग उतरवला आणि अंतर सोडलं. तो पुढे आला, वळला, आणि त्यांच्यासमोर करकचून ब्रेक मारून उभा राहिला. मास्तरांची गाडी त्याच्या बरीच मागे, कुठलाही झटका न बसता थांबली. बायकोने पाय हलवलासुद्धा नव्हता.

पण बाजूच्या रांगेतून बस येत होती. तो माणूस आडवा थांबला होता, गाडीचं नाक बसच्या वाटेत. बसवाल्याने जीव खाऊन चाक ओढलं. बस कललेली दिसली, आतल्या माणसांचा ओरडा ऐकू आला, आणि मग तिची लांब कूस त्या गाडीच्या नाकाला घासून, पत्र्याचा कर्कश आवाज करत पुढे सरकली आणि थांबली. कुणाला काही झालं नव्हतं. हात-दीड हात इकडेतिकडे झालं असतं, तर त्या बाईच्या दाराचं काय झालं असतं हे तिथल्या प्रत्येकाने मनात पाहिलं.

त्या गाडीतून बाळाच्या रडण्याचा आवाज येऊ लागला. गाडी हलेना. मागे हॉर्न सुरू झाले.

मास्तर दार उघडू लागले. बायकोने त्यांची बाही धरली. "नका जाऊ."

"भांडायला नाही जात."

ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग बाही सोडली.

मास्तर सावकाश चालत गेले. तो माणूस दोन्ही हातांनी चाक धरून बसला होता. हात थरथरत होते. बाई त्याच्याकडे बघत नव्हती. ती बाळाला छातीशी धरून बाहेर कुठेतरी बघत होती. मास्तर खिडकीशी वाकले.

"बंद पडली का गाडी?"

"हो... नाही... कळत नाहीये." त्याचा आवाज आता खूप लहान झाला होता.

"असू दे. क्लच दाबा. पूर्ण. हं. आता किल्ली फिरवा."

"मागचे सगळे..."

"वाजवू द्या त्यांना. आपल्याला घाई नाही. झाली सुरू? आता आधी कडेला घ्या, तिथे त्या झाडाखाली. बसवाला येईल बोलायला, त्याच्याशी शांतपणे बोला. आणि हाताची थरथर थांबेपर्यंत पुढे जाऊ नका."

गाडी कडेला लागेपर्यंत मास्तर तिच्याबरोबर चालत गेले, एक हात दारावर ठेवून. झाडाखाली गाडी थांबली तेव्हा त्या माणसाने मान खाली घालून इंजिन बंद केलं. बाईने मात्र पहिल्यांदा मास्तरांकडे बघितलं. ते तिला म्हणाले, "बाळाला लागलं नाही ना?" तिने मान हलवली. मास्तर परत आले.

बायको उघड्या खिडकीतून सगळं ऐकत होती. तरी तिने विचारलं, "काय म्हणालात त्याला?"

"किल्ली फिरव म्हटलं."

"बस्स? धडा नाही शिकवलात?"

"तो थोडाच येतो माझ्याकडे शिकवणीला."

गाडी पुढे निघाली. बाजार मागे पडला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "राग आला होता ना? खरं सांगा."

"आला होता. अजून आहे."

"कुठे आहे?"

"मागे बसलाय. तुझ्या पिशवीशेजारी."

तिने खरोखरच मान वळवून मागे पाहिलं. "बसू दे," ती म्हणाली. "पण चहा द्यायचा नाही हं त्याला."

मास्तर हसले. ती हसली. मग रस्ता तलावाच्या दिशेने वळला. काहीतरी वेगळं वाटत होतं, काय ते मास्तरांना समजेना. गाल हलका वाटत होता, कुणीतरी त्यावरचा दिवा बाजूला करावा तसा. त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. पाय दुमडून सीटवर घेतले होते आणि ती खिडकीबाहेर बघत होती.

"अय्या, इथलं ते घड्याळांचं दुकान कुठे गेलं?"

"ते केव्हाच बंद झालं."

"आणि ही एवढी उंच इमारत?"

"ही? होऊन बरीच वर्षं झाली."

"ह्याच रस्त्याने जायचो ना आपण?"

"ह्याच."

इतक्या सुट्ट्या, इतके चहा, आणि शेजारी बसलेल्या ह्या बाईने हा रस्ता कधी पाहिलाच नव्हता. मास्तरांनी चाकावरचा हात उचलून तिच्या वाकड्या मनगटावर ठेवला, क्षणभर, आणि पुन्हा चाकावर नेला.

तिने काच पूर्ण खाली केली. वाऱ्याने केस तोंडावर आले, ते तिने मागे सारले.

"अहो, जरा हळू घ्या ना," ती म्हणाली. "पाट्या वाचता येत नाहीत."